विश्लेषण : विमान उडण्याआधीच धोका कसा? छोट्या विमानांचे ‘टॅक्सिंग’ आणि पिवळ्या रेषेवर थांबण्याचा नियम

विमान अपघात म्हटला की डोळ्यांसमोर येते ते आकाशातून कोसळणारे विमान. पण जगातला सर्वांत भीषण विमान अपघात जमिनीवर झाला. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो जेट एकाच धावपट्टीवर समोरासमोर आली. एक उड्डाणासाठी धावत होते, दुसरे त्याच धावपट्टीवरून हळूहळू पुढे सरकत होते. ५८३ जणांचा मृत्यू झाला.

लातूर जिल्ह्यातील जळकोट तालुक्यात विमानतळ नाही. इथल्या माणसाला विमान गाठायचे तर नांदेडची वाट धरावी लागते, नाहीतर हैदराबादची. पण निवडणूक आली की हेलिकॉप्टर गावाशेजारच्या मैदानात उतरते आणि सगळे गाव बघायला जमते. शिवाय वैमानिक व्हायचे स्वप्न बघणारी मुले आता तालुक्याच्या गावांतही आहेत. जमिनीवरच्या विमानापासून कसे जपायचे, हे दोघांनाही माहीत असायला हवे. 

टॅक्सिंग म्हणजे नेमके काय?

विमान उभे असते ती जागा म्हणजे ॲप्रन. तिथून स्वतःच्या इंजिनाच्या ताकदीवर धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर परत येणे, याला टॅक्सिंग म्हणतात. ज्या रस्त्याने जायचे, तो टॅक्सी-वे.

ऐकायला सोपे वाटते, कारण विमान तेव्हा गाडीसारखेच चाकांवर चालत असते. अडचण इथेच आहे. विमान उडण्यासाठी बनवलेले असते, रस्त्यावर चालण्यासाठी नाही. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ या चार आसनी विमानाचे उदाहरण घेऊ. वजन साधारण ११०० किलो, म्हणजे एका मोटारीएवढे. पण पंखांची रुंदी ११ मीटर. वैमानिक मध्यभागी बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साडेपाच-साडेपाच मीटर पंख पसरलेले असतात. एवढ्या रुंदीची मोटार बाजाराच्या दिवशी गावातून न्यायची म्हटले तर कसे होईल, याची कल्पना करा.

त्यात स्टिअरिंगचा घोळ. छोट्या विमानात समोर जे चाकासारखे दिसते, त्याने विमान जमिनीवर वळत नाही. वळवायचे ते पायातल्या पेडलने. पेडलचा खालचा भाग दाबला की पुढचे चाक वळते आणि वरचा भाग दाबला की त्या बाजूचा ब्रेक लागतो. मोटार चालवून आलेला नवा विद्यार्थी पहिल्या दिवशी हमखास हाताने चाक फिरवतो आणि विमान सरळच जात राहते. म्हणून पहिल्या धड्यात हात मांडीवर ठेवून फक्त पायांनी विमान चालवायला लावण्याची पद्धत अनेक प्रशिक्षकांनी ठेवली आहे.

वेग किती असावा? गर्दीच्या जागी नियम एकच : झपझप चालणाऱ्या माणसाएवढा. जागेवरून हलल्याबरोबर पहिल्या काही फुटांतच ब्रेक दाबून बघायचे. ब्रेक लागत नसतील तर ते तिथेच कळावे, समोर दुसरे विमान आल्यावर नाही.

प्रोपेलर एवढा धोकादायक का?

छोट्या विमानाच्या पुढच्या पंख्याला प्रोपेलर म्हणतात. सेसना १७२ मध्ये त्याचा व्यास सुमारे १.९ मीटर असतो. टॅक्सिंग करताना इंजिन मिनिटाला साधारण १००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा फेरे. गणित मांडले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. तेही विमान जागेवर उभे असताना.

यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे फिरणारे पाते दिसत नाही. डोळ्यांना तिथे फक्त एक धूसर चकती जाणवते, ऊन विशिष्ट कोनात असेल तर तीही नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी वैमानिकाने खिडकीतून ‘क्लिअर प्रॉप’ असे ओरडायचे, चहूबाजूंना बघायचे आणि क्षणभर थांबूनच चावी फिरवायची. नुसते ओरडून लगेच चावी फिरवली तर ओरडण्याला काही अर्थ राहत नाही. विमानावरचा लाल लुकलुकणारा दिवा त्याआधीच लावायचा असतो. तो दिवा चालू दिसला की इंजिन चालू आहे किंवा होणार आहे, असे समजून लांब राहायचे.

आणि इंजिन बंद असेल तर? तरीही नाही. यामागे इंजिनाची रचना आहे. या विमानांच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो करतो. त्याला बॅटरी लागत नाही, फिरवले की तो स्वतःच वीज तयार करतो. चावी ‘बंद’वर नेली की एका तारेतून मॅग्नेटोची वीज इंजिनाच्या सांगाड्यात उतरवली जाते आणि ठिणगी थांबते. ती तारच तुटली असेल तर चावी खिशात असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. अशा वेळी कोणी सहज हाताने पाते फिरवले आणि सिलिंडरमध्ये थोडे इंधन उरलेले असले, तर इंजिन एखादा ठोका घेऊ शकते. तेवढा एक ठोका हात तोडायला पुरतो. ‘प्रोपेलर नेहमी चालूच आहे असे समजा’ हा नियम त्यासाठीच आहे.

मोठ्या विमानांचे इंजिन कापत नाही, ओढते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे विमान मागे ढकलण्याचे काम सुरू होते. त्या वेळी जमिनीवरचा एक कर्मचारी चालू इंजिनात ओढला गेला आणि जागीच मरण पावला. विमानात बसलेल्यांना जमिनीवरचा माणूस दिसेलच असे नाही, हे त्या दिवशी सगळ्या देशाला कळले.

पिवळ्या रेषांचा अर्थ काय?

विमानतळावर रंगांची एक भाषा असते. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या, टॅक्सी-वेवरच्या पिवळ्या. टॅक्सी-वेच्या मधोमध पिवळी रेषा असते, पुढचे चाक तिच्यावर ठेवले की दोन्ही पंखांना पुरेशी जागा मिळते. रात्री टॅक्सी-वेच्या कडेला निळे दिवे दिसतात, धावपट्टीच्या कडेला पांढरे.

पण वैमानिकाने सर्वांत जास्त ओळखायची खूण वेगळीच. टॅक्सी-वे धावपट्टीला मिळतो त्याच्या आधी आडव्या चार पिवळ्या रेषा असतात : दोन अखंड, दोन तुटक. अखंड रेषांच्या बाजूने येत असाल तर थांबा, परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. तुटक रेषांच्या बाजूने, म्हणजे धावपट्टीवरून बाहेर येत असाल तर थांबू नका, संपूर्ण विमान, शेपटासकट, रेषेपलीकडे गेल्यावरच उभे राहा. बाजूला लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचा आकडा असतो. लाल पाटी म्हणजे हुकूम. पिवळी पाटी रस्ता दाखवते आणि काळी पाटी आपण कुठे आहोत ते सांगते.

धावपट्टीचा आकडाही उगाच नसतो. १० म्हणजे होकायंत्रावर साधारण १०० अंश, जवळपास पूर्व. त्याच धावपट्टीचे दुसरे टोक २८, म्हणजे २८० अंश. विमान धावपट्टीवर नेऊन उभे केले की वैमानिक आपले होकायंत्र आणि पाटीवरचा आकडा जुळतो का, हे बघतो. जुळत नसेल तर आपण चुकीच्या जागी आहोत.

विमान, वाहन किंवा माणूस परवानगीशिवाय धावपट्टीच्या या हद्दीत आला, तर त्या घटनेला ‘रनवे इन्कर्जन’ म्हणतात. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असताना पुढे जीप आणि माणूस दिसला. वैमानिकाने ठरल्यापेक्षा आधीच विमान उचलले, शेपूट धावपट्टीला घासले. विमान सुखरूप दिल्लीला उतरले. त्याच विमानतळावर १६ मे २०२४ रोजी सुमारे १८० प्रवाशांना घेऊन दिल्लीला निघालेले विमान धावपट्टीकडे जाताना टग ट्रॅक्टरला धडकले. सर्व प्रवासी सुखरूप राहिले, पण उड्डाण रद्द झाले. त्याआधी २७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात टॅक्सिंग करणाऱ्या एका विमानाचा पंख उभ्या विमानाच्या पंखाला घासला. तीनही घटना जमिनीवरच्याच.

छोटे विमान चुकले तर किती बिघडते?

याचे उत्तर इटलीतल्या मिलान शहराने ८ ऑक्टोबर २००१ रोजी बघितले. लिनाते विमानतळावर दाट धुके होते. सेसना सायटेशन या छोट्या खासगी जेटला आर-५ या टॅक्सी-वेने जायला सांगितले होते. वैमानिक आर-६ वर वळले. हा रस्ता थेट मुख्य धावपट्टीवर जात होता. तिथे एसएएस कंपनीचे मोठे विमान उड्डाणासाठी सुसाट येत होते. दोन्ही विमानांतले सर्व ११४ जण आणि जमिनीवरचे चार कर्मचारी, असे ११८ जण गेले.

तपासात एका माणसाच्या चुकीपेक्षा खूप जास्त निघाले. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार त्या दिवशी उपलब्ध नव्हते. खुणा आणि पाट्या धड नव्हत्या. वैमानिकाने आपण कुठे आहोत हे सांगताना ज्या खुणेचे नाव घेतले, ती नियंत्रकांच्या नकाशातच नव्हती. तरीही ‘नक्की कुठे आहात?’ हा प्रश्न कोणी पुन्हा विचारला नाही.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तर धुकेही नव्हते. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद थांबले. त्याला थांबण्याच्या रेषेपर्यंतच जाण्याची परवानगी होती. उड्डाणासाठी तुमचा पहिला क्रमांक आहे, असेही सांगितले गेले होते. आपल्याला धावपट्टीवर जायला मिळाले, असा वैमानिकाचा समज झाला. मागून जपान एअरलाइन्सचे विमान उतरले आणि धडकले. मोठ्या विमानातले सर्व ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला.

म्हणूनच रेडिओवरच्या बोलण्याचे नियम कडक आहेत. ‘धावपट्टी १० कडे जा’ म्हणजे ‘धावपट्टीवर जा’ नव्हे. ‘होल्ड शॉर्ट’, म्हणजे धावपट्टीआधी थांबा, असा आदेश आला तर वैमानिकाने तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा असतो. नुसते ‘रॉजर’ चालत नाही. टेनेरिफनंतर तर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असे ठरले.

टॉवर नसेल तर कोण सांगते?

हा प्रश्न मराठवाड्यासारख्या भागाला जवळचा आहे. नांदेडचा विमानतळ २००८ मध्ये गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने नव्याने उभा राहिला. २००९ मध्ये राज्याने लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि यवतमाळ हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने दिले. अशा विमानतळांवर मोठ्या शहरांसारखी विमानांची रांग नसते. छोटी खासगी विमाने, प्रशिक्षणाची विमाने, मंत्र्यांची आणि रुग्णांची ने-आण, असे त्यांचे स्वरूप असते. जगभर अशा कित्येक धावपट्ट्यांवर नियंत्रण मनोरा नसतो किंवा ठरावीक वेळेपुरताच असतो.

तिथे वैमानिकच एकमेकांना रेडिओवर सांगतात : मी कोण, कुठे आहे, आता काय करणार. बाकी भिस्त डोळ्यांवर.

ही पद्धत कुठे फसते, हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील क्विन्सी या छोट्या विमानतळाने दाखवले. १९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. टॉवर नाही. एक १९ आसनी बीच १९०० प्रवासी विमान उतरायला येत होते. दुसऱ्या, छेदून जाणाऱ्या धावपट्टीच्या टोकाला एक किंग एअर उभे होते. त्याच्या मागे एक लहान पायपर चेरोकी.

प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी रेडिओवर विचारले, किंग एअर, तुम्ही थांबताय की आधी उडणार? किंग एअरमधून उत्तर आलेच नाही. उत्तर दिले ते मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने, की मी उड्डाणासाठी थांबलो आहे. त्याच क्षणी प्रवासी विमानातली उंची सांगणारी यंत्रणा बोलली आणि त्या आवाजात उत्तराचा काही भाग बुडाला. वैमानिकांना वाटले, किंग एअर थांबले आहे. प्रत्यक्षात किंग एअरने धावायला सुरुवात केली होती. दोन धावपट्ट्या जिथे छेदतात तिथे टक्कर झाली. प्रवासी विमानातले १२ आणि किंग एअरमधले दोन, सगळे १४ जण आगीत गेले. धडकेनंतर आतले काही जण जिवंत होते, पण दरवाजा अडकून बसला.

अमेरिकेच्या तपास यंत्रणेने मुख्य ठपका किंग एअरच्या वैमानिकांवर ठेवला. त्यांनी रेडिओकडे लक्ष दिले नाही आणि समोरची धावपट्टी नीट बघितली नाही. धावपट्टीवर जाण्याआधी विमान थोडे वळवून उतरणीच्या दिशेला नजर टाकायची, ही छोट्या विमानतळांवरची सवय अशा अपघातांतूनच पक्की होत गेली. रेडिओवर शांतता असेल तर आकाश मोकळे आहे, असे समजायचे नसते. समोरच्याचा रेडिओ बंद असू शकतो किंवा चुकीच्या लहरींवर लावलेला असू शकतो.

मराठवाड्यातले ऊन-वारे काय करतात?

एप्रिल-मेमध्ये दुपारी उठणारी वावटळ इथल्या कोणालाही नवी नाही. पत्रे उडवणारा वारा ११०० किलोच्या विमानालाही उचलू बघतो, कारण पंखाचे कामच ते आहे. जमिनीवर वळताना एका बाजूचा पंख उचलला गेला तर दुसऱ्या पंखाचे टोक जमिनीला लागते.

त्यावर वैमानिकांना एक सोपे सूत्र शिकवतात. वारा समोरून तिरका येत असेल तर हातातले चाक वाऱ्याच्या बाजूला वळवायचे. मागून तिरका येत असेल तर वाऱ्यापासून दुसऱ्या बाजूला वळवून पुढे ढकलायचे, म्हणजे वारा शेपटाखाली शिरून विमान उलटवत नाही. वळणावर वेग कमी आणि वारा फार असेल तर निघायचेच नाही.

दुसरा त्रास मुरुमाचा आणि खड्यांचा. प्रोपेलर खालची हवा ओढतो आणि तिच्याबरोबर खडा उचलतो. पात्याच्या कडेला पडलेली बारीक खपली पुढे चीर बनू शकते. म्हणून खडी असलेल्या जागी इंजिनाचा जोर वाढवायचा नाही आणि उड्डाणाआधीची इंजिन तपासणी स्वच्छ जागी, शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून करायची. तपासणीच्या वेळी मागे कोण उभे आहे, हेही बघायचे. मागे फेकला जाणारा वारा फुफाटा आणि खडे घेऊन जातो.

जुन्या विमानांचे आणखी एक वैशिष्ट्य होते. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षे चाललेल्या ‘पुष्पक’ या एचएएलच्या विमानाला छोटे चाक शेपटाखाली असायचे. त्यामुळे जमिनीवर नाक वर असे आणि समोरचे दिसत नसे. अशा विमानाने सरळ न जाता नागमोडी जायचे, म्हणजे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून समोर बघता येते.

गावातल्या हेलिपॅडवर काय काळजी घ्याल?

जळकोटच्या वाचकाला विमानापेक्षा हेलिकॉप्टर जवळून दिसण्याची शक्यता जास्त. लातूर जिल्ह्याने याचा अनुभव घेतला आहे. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले. आतले सर्व जण वाचले. मोकळे मैदान म्हणजे सुरक्षित हेलिपॅड नव्हे, भोवतालच्या तारा आणि वाराही बघावा लागतो, हे त्यातून दिसले.

केदारनाथला २३ एप्रिल २०२३ रोजी, मंदिर उघडण्याच्या दोन दिवस आधी, हेलिकॉप्टरच्या शेपटाकडच्या फिरत्या पात्याचा तडाखा बसून उत्तराखंडच्या विमान वाहतूक प्राधिकरणातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. हे मागचे पाते लहान, उभे आणि जवळपास न दिसणारे असते. त्यामुळे एवढे पाळा :

● हेलिकॉप्टरच्या मागच्या बाजूला कधीही जाऊ नका, पाती थांबलेली दिसली तरी.

● जवळ जायचेच असेल तर वैमानिकाने खूण केल्यावर, त्याला दिसाल अशा बाजूने आणि वाकून जा.

● उतार असेल तर चढाच्या बाजूने जवळ जाऊ नका. तिकडे वरचे पाते डोक्याच्या उंचीवर येते.

● टोपी, गमछा, उपरणे हातात घट्ट धरा. उडालेल्या वस्तूमागे धावू नका. हार-फुले, कागद, प्लास्टिक जवळपास ठेवू नका.

● लहान मुलांचा हात सोडू नका. जनावरे बांधून ठेवा.

● सेल्फी पाती पूर्ण थांबल्यावर आणि पोलिसांनी आखलेल्या दोरीबाहेरूनच काढा.

वैमानिक व्हायचे असेल तर?

भारतात विद्यार्थी वैमानिकाचा परवाना वयाच्या १६ व्या वर्षापासून मिळू शकतो, व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षे आणि २०० तासांचे उड्डाण लागते. या २०० तासांत प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर टॅक्सिंग असते. त्या नोंदवहीत कुठेही ‘पिवळ्या रेषेवर शंका आली म्हणून थांबलो’ अशी ओळ लिहायची जागा नाही. पण प्रशिक्षक नेमके तेच बघत असतो.

लिनाते, हानेदा आणि क्विन्सी या तीनही ठिकाणी विमाने धडधाकट होती, वैमानिक शिकलेले होते. प्रत्येक वेळी कोणीतरी मनाशी ‘असेच म्हणाले असतील’ असे ठरवून पुढे गेले. शंका आली तर थांबायचे, रेडिओचे बटण दाबायचे आणि पुन्हा विचारायचे, एवढाच त्यावरचा उपाय आहे. त्याला पंधरा-वीस सेकंद लागतात.

पुढच्या वेळी नांदेडहून निघालेले विमान धावपट्टीच्या तोंडाशी उगाचच थांबल्यासारखे वाटले, तर घड्याळाकडे बघून वैतागू नका. पुढे बसलेल्या दोघांनी कदाचित तो प्रश्न आत्ताच विचारला असेल आणि ते उत्तराची वाट बघत असतील.